केस विरळ होताहेत? औषधाआधी तीन महिने मागे जा

केस गळायला लागले की माणूस आधी शाम्पू बदलतो, मग तेल बदलतो आणि शेवटी पाण्याला दोष देतो. पुण्या-मुंबईत नव्यानं राहायला आलेली मुलं तर हमखास टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्याकडे बोट दाखवतात. जड पाण्यानं केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतातही. पण त्यानं टक्कल पडत नाही. हेल्मेटनंही पडत नाही.

मी औषधाच्या दुकानात बसतो. केसांसाठी येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी वापरून, पैसे घालवून, वैतागूनच आलेलं असतं. त्यातले कित्येक जण चुकीच्या वेळी सुरू करतात आणि चुकीच्या वेळी सोडतात. म्हणून आधी केसाचं वेळापत्रक समजून घ्या. औषधांची नावं नंतर.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही क्षणी वाढत असतात. एका केसाची वाढ दोन ते सहा वर्षं चालते, महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे तो थांबतो, पुढे सुमारे तीन महिने नुसताच मुळाशी बसून राहतो आणि मग गळतो. त्या जागी नवा उगवतो. या हिशेबानं रोज ५० ते १०० केस जाणं ठीकच आहे. ज्या दिवशी डोकं धुता त्या दिवशी जास्त दिसतात, कारण आदल्या दिवसांचे अडकलेले केसही तेव्हाच निघतात.

शरीराला मोठा धक्का बसला की वाढत असलेले पुष्कळ केस एकदम थांबतात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. श्रावणात डेंग्यू झाला तर कंगव्यात पुंजके येतात ते दिवाळीच्या सुमाराला, आणि तोवर ताप कुणाच्या लक्षातही नसतो. त्याच आठवड्यात बदललेला साबण मात्र लक्षात असतो. पुढे चार-सहा महिन्यांत ही गळती आपोआप थांबते, आणि श्रेय जातं त्या वेळी जे तेल चालू असेल त्याला. केसांच्या जाहिरातीतले बरेचसे ‘आधी आणि नंतर’चे फोटो याच हिशेबावर जगतात.

पायरी १: नेमकं काय होतंय ते बघा

केस गळणं आणि केस विरळ होणं या गोष्टी बऱ्याचदा वेगळ्या असतात. एकदम मूठभर गळताहेत, पण डोक्यावर सगळीकडून सारखेच कमी झालेत, तर तो वर सांगितलेला धक्क्याचा प्रकार असण्याची शक्यता जास्त. उशीवर फारसं काही दिसत नाही, पण कपाळाचे कोपरे मागे सरकलेत, शेंडीच्या जागी कातडी चमकायला लागली आहे, तर ते आनुवंशिक टक्कल. बायकांमध्ये हेच वेगळं दिसतं: पुढची रेषा जागेवर राहते आणि भांग रुंद होत जातो. वेणी हातात धरली की पूर्वीपेक्षा बारीक लागते, हे बाईच्या आधी तिच्या आईच्या लक्षात येतं.

रुपयाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा रातोरात पडला तर ती चाई. कानशिलाजवळची आणि कपाळावरची केसांची ओळ विरळ झाली असेल आणि केस रोज घट्ट ओढून अंबाडा किंवा पोनी बांधत असाल, तर कारण तेच आहे. सैल बांधा. वेळीच सोडलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाहीत.

गळालेला एक केस उजेडात धरा. टोकाला पांढरट, बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलाय. गाठ नाही, टोक फाटलेलं आहे, लांबीही अर्धीच, तर तो तुटलाय. मग मामला स्ट्रेटनिंगचा, ब्लीचचा किंवा ओले केस खसाखसा विंचरण्याचा असतो. त्यावर मुळाची औषधं लावून काय उपयोग?

आणखी एक चाचणी घरी होते. डोकं धुतल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. एक-दोन आले तर हरकत नाही. पाच-सहा किंवा जास्त आले तर गळती खरोखर वाढली आहे. डोक्याच्या तीन-चार जागी करून बघा.

दुकानात काही जण गळालेले केस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि काउंटरवर ठेवतात. त्यांची काळजी कळते, पण त्या पिशवीवरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा फोटो काढा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, केस कोरडे, भांग मधोमध. एक समोरून, एक वरून, एक शेंडीच्या जागेचा. रोज आरशात बघून काही कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की एका नजरेत कळतं.

पायरी २: तीन महिने मागे जा

कागद घ्या आणि गळती सुरू झाली त्याच्या दोन ते चार महिने आधी काय काय झालं ते लिहा. टायफॉइड, डेंग्यू, कोविड किंवा कुठलाही जोराचा ताप. शस्त्रक्रिया. बाळंतपण. घरातला मृत्यू. भरभर वजन उतरवणारं डाएट किंवा हल्लीची वजनाची इंजेक्शनं. नवं सुरू झालेलं औषध: रक्त पातळ करणारी, फिट्सवरची, मुरुमांसाठीची काही औषधं आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या केस गळवतात. असं वाटलं तरी औषध परस्पर बंद करू नका. ज्यांनी दिलंय त्यांना विचारा, बऱ्याचदा पर्याय असतो.

बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं घरोघरी म्हणतात. निरीक्षण अगदी बरोबर आहे. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम जातात, आणि बाळ ओळखायला लागतं तेही त्याच सुमाराला. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. या काळात लोह आणि प्रथिनं नीट पोटात जाऊ द्या, महागडे सिरम घेऊ नका.

सगळंच इतकं सरळ नसतं. २०२४च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले. ‘टक्कल व्हायरस’ म्हणून बातम्या झाल्या, पाण्यावर संशय गेला. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवलं. आता गंमत बघा: बाजारातल्या केसांच्या कित्येक गोळ्यांवर सेलेनियम हा घटक अभिमानानं छापलेला असतो. थोडं लागतं, जास्त झालं तर तेच केस घालवतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी पाकिटं शेजारी ठेवून आकडे वाचावेत.

पायरी ३: मोजक्या तपासण्या

पूर्ण हिमोग्राम, फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी). शाकाहारी असाल तर बी-१२. बरोबर ड जीवनसत्त्व केलं तर चालेल. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसच्या (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाच्या) दिशेनं डॉक्टर सांगतील त्या तपासण्या. एवढं बहुतेकांना पुरतं. पंचवीस चाचण्यांचं ‘हेअर पॅकेज’ घ्यायची गरज नाही.

फेरिटिन का, तर हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. पाळी जास्त जाणाऱ्या मुलींमध्ये हे फार दिसतं. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, चहा ते शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी.

आणि एक सांगून ठेवतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद करा आणि लॅबमध्येही सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनचेही आकडे चुकीचे येऊ शकतात. शिवाय ज्याला बायोटिनची कमतरता नाही त्याला बायोटिननं केस येतात, याला धड पुरावा नाही. कमतरता फारच कमी लोकांना असते.

पायरी ४: डॉक्टर कोण?

त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही., डी.व्ही.डी. अशी त्वचाविकारातली पदवी शोधा. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ (केसांचा तज्ज्ञ) असं लिहिलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असतोच असं नाही. आणि जिथं पहिल्याच भेटीत एखादी बाई टॅबवर हप्त्याची योजना दाखवते, तिथून उठून या. मोठ्या शहरातल्या सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचाविभागाची ओपीडी असते, नाममात्र पैशांत चांगली तपासणी होते. रांग असते, हे खरं.

खालीलपैकी काही असेल तर फोटो, कागद, तीन महिने हे सगळं सोडा आणि याच आठवड्यात जा: टाळूला जळजळ, दुखणं, पू किंवा जाड खपल्या, केस गेलेली जागा गुळगुळीत चकाकते आणि तिथं छिद्रंच दिसत नाहीत, भुवयाही विरळ होताहेत, लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा. यातल्या काही आजारांत मूळच मरतं आणि मेलेलं मूळ कुठल्याही औषधानं जिवंत होत नाही. मुलांमधला चट्टा बऱ्याचदा बुरशीचा असतो, त्याला पोटातून औषध लागतं. नुसत्या मलमानं तो जात नाही.

पायरी ५: मिनॉक्सिडिल नीट वापरा

आनुवंशिक प्रकारात काय होतं? टेस्टोस्टेरॉनपासून शरीर डीएचटी नावाचं संप्रेरक बनवतं. कपाळावरची आणि शेंडीच्या जागेची मुळं त्याला हळवी असतात. दर फेरीला केसाचा वाढीचा काळ कमी होतो आणि केस आधीपेक्षा बारीक येतो. डोक्याच्या मागची मुळं सहसा वाचतात. हा वारसा आई-वडील दोघांकडूनही येतो, एकट्या मामाला दोष देऊ नका.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावून बघितलं गेलं, आणि १९८८ साली अमेरिकेत लावायच्या औषधाला मान्यता मिळाली. पुरुषांना साधारणपणे ५ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोन वेळा, बायकांना २ टक्क्यांचं दोन वेळा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा. तुमच्यासाठी कुठलं, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

लावायची पद्धत अशी. डोकं पूर्ण कोरडं हवं. ड्रॉपरमध्ये खुणेपर्यंत एक मिली घ्या. विरळ जागी कंगव्यानं भांगासारख्या रेषा पाडा आणि प्रत्येक रेषेत कातडीवर थेंब सोडा. बहुतेक लोक केसांवरच ओततात, ते सगळं वाया. बोटानं पसरा, खसखसून चोळू नका. हात धुवा. नंतर चार तास डोकं भिजवू नका. रात्री लावायचं तर झोपायच्या दोन तास आधी, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालावर लव वाढते. दिवसाला दोन मिली म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर जाते. तुमची तीन महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. घरात मांजर असेल तर फार सांभाळा. हे औषध मांजराला विषारी आहे, चाटलं तर जीव जाऊ शकतो.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात. इथंच निम्मे लोक घाबरून बाटली फेकतात आणि मला येऊन सांगतात की तुमच्या औषधानं होते तेही गेले. खरं तर जुने बसलेले केस नव्यांना वाट करून देत असतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, निकाल वर्षानं लावावा. आणि सोडलं तर मिळालेलं सगळं तीन-चार महिन्यांत जातं. म्हणून सुरू करण्याआधीच ठरवा, हे वर्षानुवर्षं चालवायची तयारी आहे का. नसेल तर न लावणं हाही शहाणा निर्णय आहे.

खाज, कोंडा वाढला तर द्रावणातला प्रॉपिलीन ग्लायकॉल हा घटक सोसत नसतो. फोममध्ये तो नसतो, म्हणून फोम चालून जातो. छातीत धडधड, पायाला सूज, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वापरू नये. हल्ली काही डॉक्टर कमी मात्रेत पोटातूनही देतात. ते स्वतःच्या मनानं कधीच घ्यायचं नाही.

पायरी ६: फिनास्टराइड, डोळे उघडे ठेवून

हे पुरुषांचं औषध. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका गावात जन्मतः डीएचटी कमी असणारी काही मुलं होती. मोठेपणी त्यांना टक्कल पडत नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती. त्यांच्यावरचा अभ्यास १९७४ साली छापून आला आणि पुढे त्यातून डीएचटी कमी करणारी ही गोळी घडली: ५ मिलिग्रॅम प्रोस्टेटसाठी, १९९७ पासून १ मिलिग्रॅम केसांसाठी. रोज एक. गळती थांबवण्यात ती मिनॉक्सिडिलपेक्षा भरवशाची. दोन्ही मिळून आणखी चांगलं.

दुष्परिणाम थोड्याच लोकांना होतात, पण ते लपवण्यासारखे नाहीत: लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, वीर्य कमी होणं. बहुतेकांचं बंद केल्यावर ठीक होतं, काहींनी त्रास टिकून राहिल्याचं नोंदवलं आहे. मन उदास होणं, आत्महत्येचे विचार येणं असं काही जाणवलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांशी बोला. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर सुरू करण्यापूर्वीच सांगा. चाळिशीनंतर प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तो आकडा जवळपास निम्मा दिसतो. गोळी घेत असताना रक्तदान करू नका, सोडल्यावरही महिनाभर थांबा. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं फुटलेली गोळी हाताळू नये.

बायकांना गरजेनुसार डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी देतात. त्यावर असताना दिवस जाऊ नयेत याची खबरदारी घ्यावीच लागते.

पायरी ७: सुया, पीआरपी, लेझर

बारीक सुयांनी टाळू टोचण्याच्या उपचारावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच मुंबईतला आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी १०० पुरुषांवर तो केला, २०१३ साली तो छापून आला. अर्ध्यांना नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल, उरलेल्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटर सुयांचा रोलर. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस मोजले तेव्हा रोलरवाल्या गटात सरासरी ९१ केस वाढले होते, दुसऱ्यात २२. अभ्यास लहान आणि थोड्या काळाचा होता, पण दिशा स्पष्ट होती. याचा अर्थ ऑनलाइन रोलर मागवून न्हाणीघरात डोकं रक्ताळून घ्या असा नाही. निर्जंतुक नसलेल्या सुया जंतुसंसर्ग देतात. टोचल्यावर २४ तास मिनॉक्सिडिल लावायचं नसतं, नाहीतर ते थेट रक्तात जास्त जातं.

पीआरपीमध्ये तुमचंच रक्त काढून, फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग टाळूत टोचतात. महिन्याच्या अंतरानं तीन-चार वेळा, पुढे अधूनमधून. काहींना चांगला फायदा होतो. अडचण अशी की प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी आणि दरही वेगळे. माझं मत विचाराल तर आधी सहा महिने औषध नीट करा, मग पीआरपीचा विचार करा. लेझरच्या कंगव्या-टोप्यांनी थोडा फरक पडतो. खर्चाच्या मानानं मी त्यांना शेवटी ठेवेन.

चाईचा रस्ता वेगळा. तिथं शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठलेली असते. छोटे चट्टे कित्येकदा वर्षभरात आपोआप भरतात, नाहीतर डॉक्टर चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. डोकंभर पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत. अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. लसूण चोळून कातडी भाजून घेतलेले चट्टे मी पाहिलेत, तो प्रकार करू नका.

तेलाचं काय?

खोबरेल तेल धुण्याआधी लावलं तर केसातली प्रथिनं कमी निघून जातात, हे प्रयोगानं दिसलंय. म्हणजे केसाची काडी टिकते. मुळातून नवा केस येणं हे निराळं काम, ते तेलाचं नाही. माका, जास्वंद, आवळा घालून आजी उकळते ते तेल आवडत असेल तर खुशाल लावा, पण डोक्यात चिकट कोंडा असेल तर तेल थांबवा आणि किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून. गोटा केल्यानं केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं, एवढंच.

औषधाचा परिणाम दिसेपर्यंतच्या सहा महिन्यांत लग्नकार्य आलं तर केसांवर भुरभुरायचे केराटिनचे तंतू मिळतात. जागा पूर्ण उघडी नसेल तर ते बेमालूम बसतात, घामानं आणि पावसानं मात्र निघतात. गंगावन किंवा पॅच लावायचा तर क्लिपा उरल्यासुरल्या केसांना ओढणार नाहीत असा हलका घ्या, रात्री काढून ठेवा. आणि चिकटवायचा गोंद असेल तर आदल्या दिवशी कानामागे थेंबभर लावून खाज येते का ते बघा.